अण्णांच्या वर्षाचा तक्ता

माय, आज अण्णांना भाऊच्या घरून आणलं आणि धाकट्याच्या खोलीवर पोचवलं. वाटूरच्या फाट्यावर आम्ही दोघं एसटीची वाट बघत बसलो होतो, तेव्हा तू शिवलेली ती पिशवी त्यांच्या मांडीवर होती. लोखंडी सळयांच्या मिलमधल्या जुन्या ताडपत्रीची, दुहेरी शिवण घातलेली. बंद तुटले म्हणून मी मागं बदलून घेतले, पण पिशवी तीच आहे. तिच्यात दोन पायजमे, दोन सदरे, टॉवेल, दाढीचं सामान आणि डोळ्यांत घालायच्या औषधाची बाटली, एवढाच त्यांचा संसार. गाडी दुपारची होती, तरी सकाळीच दाढी करून, पिशवी भरून ते भाऊच्या ओट्यावर येऊन बसले होते. वहिनी म्हणाली, "मामा, आत्ताच कुटं निघाले? गाडीला लई येळ हाय." तर म्हणाले, "बदली हाय आज." मिलमध्ये शिफ्ट बदलायची असली की असेच ते वेळेच्या आधी तयार होऊन बसायचे, आठवतंय ना तुला?

तुला किती गोष्टी सांगायच्या राहून गेल्यात. तू गेलीस तेव्हा मी दहावीत होते. मी पुढं कॉलेजात गेले, आपल्या घरातली पहिली पदवी घेतली, एमआयडीसीतल्या एका बियाण्याच्या कंपनीत नोकरीला लागले, यातलं तुला काही माहीत नाही. धाकट्याचं लग्न झालं, तो जालन्यातच एका खोलीत राहतो. भाऊ वाटूरला राहायला गेला, आपल्या वाट्याचं शेत बघतो. ताईला दोन मुली झाल्या आणि दाजी अंकुशनगरच्या साखर कारखान्यात आहेत, तिथंच क्वार्टर आहे. लोक म्हणतात, गेलेल्या माणसाला वरून सगळं दिसत असतं. मला तसं वाटत नाही. दिसत असतं तर तू इतकी वर्षं गप्प बसली नसतीस.

आपली ती मिलच्या मागची पत्र्याची खोली मला अजून लख्ख दिसते. दारालगत चूल, चुलीमागं काळी झालेली भिंत, आणि खिळ्याला अडकवलेले अण्णांचे कपडे. भट्टीतून लालभडक सळई येते आणि अण्णा ती चिमट्यानं धरून पुढच्या रोलात घालतात, एवढंच मला त्यांचं काम माहीत होतं. ठिणग्यांनी त्यांच्या सदऱ्याला बारीक बारीक भोकं पडायची आणि तू ती उजेडाकडं धरून एकेक शोधायचीस. त्यांची रात्रीची ड्युटी असली की दिवसभर आपलं घर कुजबुजत बोलायचं. "हळू गं. भट्टीवरून आलेलं माणूस निजलंय," तू म्हणायचीस, आणि आम्ही पाटीवर पेन्सिलही हळू ओढायचो. ते घरी यायचे तेव्हा सायकलच्या चेनचा आवाज गल्लीच्या तोंडाशी आला की तू उठायचीस. अण्णांनी आपल्या घराची कडी वाजवलेली मी कधीच ऐकली नाही. दार आधीच उघडलेलं असायचं.

नंतर तू नव्हतीस. काही वर्षांनी अण्णांचे डोळे भट्टीच्या उजेडानं अधू झाले, मिलनं म्हाताऱ्या माणसांना घरी बसवलं, आणि ती खोली मिलची होती म्हणून सोडावी लागली. मी तेव्हा जालन्यातल्याच नोकरदार मुलींच्या वसतिगृहात राहायला गेले, अजूनही तिथंच आहे. तिथं बापालासुद्धा फाटकाच्या आत येऊ देत नाहीत. म्हणजे अण्णांना मुलांची तीन घरं होती, आणि तशी बघितली तर एकही नव्हतं. ते कधी धाकट्याकडं राहायचे, कधी भाऊकडं. एकाच्या घरी पाहुणे आले, कुणाचं बाळ आजारी पडलं, जागा कमी पडली, की हे न सांगता पिशवी उचलून दुसऱ्याकडं निघायचे.

अशाच एका संध्याकाळी मी सुट्टीला वाटूरला गेले होते. मी आणि भाऊ जेवायला बसलो होतो, वहिनी उखळात चटणी कुटत होती. उघड्या दारात एकदम सावली पडली. बघते तर अण्णा, पिशवी छातीशी धरून. पायरीच्या खालीच उभे राहून म्हणाले, "येऊ का?" वहिनी वाईट नाही, माय. तिनं लगेच हात पुसून पाणी आणलं. पण तोंडातून निघूनच गेलं, "या की मामा. पण आज कसं काय? भावजीकडं होते ना?" अण्णा कसंनुसं हसले, तिकीट न काढता गाडीत सापडलेला माणूस हसेल तसे. "ऱ्हातो दोन दिवस आन् जातो," म्हणाले. ज्या माणसाला कधी कडी वाजवावी लागली नव्हती तो आपल्या पोराच्या दारात 'येऊ का' विचारत होता. मी ताटावरून उठले. भाऊ म्हणाला, "काय झालं तुला?" मी हात धुतले आणि अण्णांची पिशवी आत नेऊन ठेवली.

त्याच सुमारास आमच्या कंपनीत हैदराबादहून एक साहेब शिकवायला आले होते. आमच्याकडं बियाणं शेतकऱ्याकडून येतं, वाळवायचं, साफ करायचं, उगवण तपासायची, औषध लावायचं, पिशव्या भरायच्या आणि पेरणीच्या आधी ट्रक रवाना करायचा. एक काम अडलं की मागची सगळी अडतात आणि मग एकमेकांवर आरडाओरडा. साहेबांनी भिंतीवर मोठा कागद लावला. उभ्या बाजूला कामं, आडव्या बाजूला महिने. प्रत्येक कामाची एक पट्टी, ती कुठं सुरू होते आणि कुठं संपते. कोण कोणासाठी थांबलंय ते बाणानं दाखवायचं. प्रत्येक पट्टीला एकच धनी. दर आठवड्याला बैठक. चालू असेल तर हिरवी, रेंगाळली तर पिवळी, बंद पडली तर लाल. "माणसं वाईट नसतात, कामाची आखणी नसते म्हणून भांडतात," असं ते त्यांच्या हैदराबादी हिंदीत म्हणाले, आणि माय, मला वाटलं हा माणूस आपल्या घराबद्दलच बोलतोय. मला खरंच तसं वाटत होतं. कॉलेजात शिकून आल्यापासून माझा असा पक्का विश्वास होता की माणसानं नीट बसून विचार केला तर कुठलंही दुःख थोडं तरी कमी करता येतं. मला अण्णांना द्यायला घर नव्हतं, म्हणून मी त्यांना तक्ता द्यायचं ठरवलं.

जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर मी तो आखला. भाऊचं घर, धाकट्याचं घर, ताईचं घर, आणि समोर वर्षाचे बारा महिने. कोणत्या घरात कधी काय असतं ते लिहून काढलं. भाऊकडं कापूस वेचणीच्या वेळी घरात माणूस नसतं, तेव्हा अण्णांना तिथं एकटं ठेवायचं नाही. धाकटा उन्हाळ्यात कंपन्यांच्या बियाण्याच्या टेंपोवर असतो, तेव्हा त्याची बायको एकटी असते, तिथं अण्णा हवेत. ताईकडं हिवाळ्यात उसाचं गळीत चालू झालं की दाजी सारखे कारखान्यात, तेव्हा अण्णा ताईकडं. सगळं इतकं छान बसलं की मीच माझ्यावर खूश झाले. एका रविवारी सगळ्यांना भाऊच्या घरी बोलावलं आणि कागद अंथरला.

"हे काय करून राह्यली तू?" भाऊ म्हणाला. "अण्णाचं टायमटेबल?"

दाजी म्हणाले, "आमच्या कारखान्यात उसाच्या गाडीला पन असाच नंबर देतेत. नंबर लागला की गाडी आत."

सगळे हसले. अण्णाही हसले. वहिनी भाकरी थापता थापता म्हणाली, "नणंदबाई, ह्याच्यात आमच्या सुट्टीचा रंग कोनता हाय?" मीही हसले, पण ताईच्या पट्टीवर बोट ठेवल्यावर हसणं थांबलं. भाऊ खाली बघत म्हणाला, "लेकीच्या घरी ऱ्हानं म्हंजे... बरं दिसन का?" मी तापले. म्हटलं, "जमाना कुठं चाललाय भाऊ? ताई काय परकी आहे? तिनं बापाला सांभाळलं तर कुणाचं काय जातं?" अजून पुष्कळ बोलले. मुलगा आणि मुलगी यावर तर जणू व्याख्यानच दिलं. ताईचे डोळे भरून आले. ती म्हणाली, "येऊ द्या ना माझ्याकडं. मला बी आधार व्हईल." मग मी अण्णांना विचारलं, "तुम्हाला चालेल ना?" सगळे त्यांच्याकडं बघत होते. ते तक्त्यावर वाकून रंगीत पट्ट्या अगदी जवळून न्याहाळत होते. "बराबर हाय," म्हणाले.

इथं तुला एका जुन्या दिवसाची आठवण करून द्यायची आहे. मी तेव्हा शाळेतही जात नव्हते बहुतेक. तुझे वडील, माझा आजा, तुला भेटायला आपल्या खोलीवर आले होते. उन्हातून आलेले, घामेघूम, बाहेर दगडावर बसलेले. मी मोठ्या हौसेनं लोटा भरून नेला तर त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला, पण लोटा घेतला नाही. मी हट्टच धरला. "आपलं पाणी घाण आहे का?" असं ओरडले. तेव्हा तू आतून येऊन माझ्या पाठीत धपाटा घातलास. "गप बस. बाप लेकीच्या घरचं खात पीत नसतो." मी रडत कोपऱ्यात बसले आणि तिथून बघितलं. तू तोच लोटा घासूनपुसून पुन्हा आपल्याच माठातून भरलास, मागच्या दारानं शेजारच्या मावशीकडं दिलास आणि ती तिच्या दारातून बाहेर येऊन म्हणाली, "बाबा, आमच्या घरचं घ्या." आजानं सगळा लोटा एका दमात संपवला. मिशा पुसत म्हणाला, "या गल्लीचं पानी गोड हाय बरं का." तू दाराआड उभी होतीस, पदर तोंडाला लावून. हसत होतीस की रडत होतीस ते मला कोपऱ्यातून कळलं नाही.

काही घरांत नातू झाला की हे बंधन सुटतं, आजानं मात्र भाऊ झाल्यावरही पाळलं. काही घरांत आता कुणी पाळतही नाही. मला वाटलं होतं, हे तुझ्या वडिलांबरोबर गेलं असेल. मिलमध्ये इतकी वर्षं काढलेला माणूस, सगळ्या जातीधर्माच्या माणसांच्या डब्यातलं खाल्लेला, तो असलं काही मानत असेल असं माझ्या मनातही आलं नाही.

तक्ता चालला. एकेक झेरॉक्स प्रत तिन्ही घरांच्या भिंतीवर लागली. महिन्यातल्या एका रविवारी मी सगळ्यांना तीनच गोष्टी विचारायचे, राहणं, जेवण, औषध. भाऊ आणि धाकटा यांना जाऊन भेटायचे, ताई बूथवरून फोन करायची. माझ्याजवळच्या मूळ कागदावर मी रंग भरायचे. उन्हाळा हिरवा गेला, पावसाळा हिरवा गेला. वहिनीच्या आणि भाऊच्या कुरबुरी थांबल्या, कारण आता 'आमच्याकडंच का' असं म्हणायला जागाच नव्हती. मी कंपनीतल्या मैत्रिणींना अभिमानानं सांगायचे. गळीत सुरू झालं, अण्णा ताईकडं गेले, आणि तिकडूनही हिरवंच येत राहिलं. "जेवतात ना?" मी विचारायचे. "हो हो, जेवतेत," ताई म्हणायची आणि मुलींची चौकशी काढायची.

संक्रांतीच्या मागंपुढं कंपनीच्या कामानं अंबडला गेले होते, तशीच पुढं अंकुशनगरला गेले. न सांगता. कारखान्याच्या फाटकाबाहेर उसाच्या गाड्यांची रांग, बैल बसलेले, हवेत मळीचा आंबूस वास. ताईच्या क्वार्टरचं पुढचं दार आतून लावलेलं होतं, मागून मुलींचा आवाज येत होता, म्हणून मी बोळातून मागच्या अंगाला गेले. मागं लिंबाच्या झाडाखाली तीन विटा मांडलेल्या, त्यावर तवा, आणि अण्णा उकिडवे बसून भाकरी थापत होते. धुरानं डोळ्यांतून पाणी वाहत होतं. सदऱ्याची कॉलर मानेभोवती इतकी सैल झाली होती की तिच्यात माझा हात सहज गेला असता.

"अण्णा, हे काय?"

"भाकर."

"ताईनं स्वयंपाक नाही केला?"

"केला ना. पोरींनी खाल्ला. बराबर हाय समदं."

बाजूला तू शिवलेली पिशवी होती आणि तिच्यात पीठ होतं. भाऊच्या घरून निघताना त्यांनी ज्वारी आणली होती, इथल्या गिरणीवर स्वतः दळून आणली होती. मीठसुद्धा पुडीत बांधून आणलेलं. मी विचारलं, "आणि पाणी?" तर म्हणाले, "पानी कारखान्याच्या नळाचं हाय. ते काय लेकीचं न्हाई." धुराचा त्रास होतो म्हणून ते दिवसातून एकदाच चूल पेटवत होते. दुसऱ्या वेळी उरलेली भाकरी मिठाशी, नाहीतर तीही नाही.

ताई मला बघून आधी दचकली आणि मग माझ्या गळ्यात पडून रडायला लागली. "म्या काय करू? ताट वाढलं की उठून जातेत. पाया पडले, भांडले, पोरींना मांडीवर बसवून पायलं. न्हाई म्हंजे न्हाई." मी म्हटलं, "मग फोनवर का नाही सांगितलंस?" तर ती माझ्यापासून बाजूला झाली. "तू त्यो कागद किती हौसेनं केल्ता. सगळ्यायचं हिरवं, आन् माझंच घर लाल रंगवायचं का म्या? बापाला जेऊ घालता येत न्हाई म्हनून?" दाजी कामावरून आले, चपला काढत हळूच म्हणाले, "नातू असता तर सुटलं असतं म्हने. आमाला दोन्ही पोरी." ताईनं त्यांच्याकडं असं बघितलं की ते पुन्हा चपला घालून बाहेर गेले.

कंपनीत आम्ही पोत्यावरची चिठ्ठी बघून बियाणं पास करत नाही. मूठभर बी ओल्या कागदात गुंडाळून ठेवतो आणि मोड येतात का ते डोळ्यांनी बघतो, त्याला लागतील तितके दिवस थांबतो. घरी मात्र मी फोनवर एक शब्द ऐकून पट्टी हिरवी करत होते, आणि त्या पट्टीखाली माझा बाप वाळत चालला होता.

ताईच्या भिंतीवर घड्याळाजवळ तक्ता चिकटवला होता. मी खुर्चीवर चढून त्याचा कोपरा सोडवायला लागले. अण्णा दारात आले. "काय करून राह्यली?"

"काढून टाकते. उद्याच तुम्हाला भाऊकडं नेते."

"भाऊकडं कामून? तिथली बारी झाली की."

"खड्ड्यात गेली बारी."

"काढू नको," ते म्हणाले. इतक्या मोठ्यानं ते माझ्याशी कधी बोलले नव्हते. ताईच्या मुली घाबरून एकमेकींना चिकटल्या. मग अण्णांनी खुर्चीची पाठ धरली आणि खाली बघत, हळू आवाजात बोलले. "ह्यो कागद हाय म्हनून मला कुनाला इचारावं लागत न्हाई. आधी दारात हुबं ऱ्हाऊन 'येऊ का' म्हनावं लागायचं. समोरचं माणूस 'या' म्हनंस्तोवर पाय उचलत नव्हता. आता तसं न्हाई. तारीख आली की पिशवी घ्यायची आन् जायचं. कुनी कसं काय आले म्हनत न्हाई. ड्युटी हाय. जेवायचं काय, त्यो माझा मी बघतो. पन ह्यो काढू नको." मी खुर्चीवर तशीच उभी राहिले, सुटलेला कोपरा बोटात धरून. मग अंगठ्यानं तो पुन्हा दाबून बसवला. डिंक वाळला होता, नीट बसला नाही. ताईनं भाताची शितं आणून दिली.

त्या दुपारी मला आजाचा लोटा आठवला. ताईच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये एक काकू राहतात, त्यांचे यजमान दाजींबरोबरच कामाला आहेत. मी त्यांना जाऊन सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "अगं बाई, एवढंच ना?" संध्याकाळी ताईनं भाजी आणि भाजून दळलेल्या येसराची आमटी केली, कुंपणाच्या तारेवरून पातेली पलीकडं गेली, आणि थोड्या वेळानं काकू पदर सावरत पुढच्या दारानं आल्या. "दादा, चला जेवायला. आमच्याकडं आज जास्तीचं झालंय, वाया जाईन." अण्णा त्यांच्या ओट्यावर जाऊन बसले. मी आणि ताई आमच्या दाराआड. त्यांनी ताटाकडं पुष्कळ वेळ बघितलं. त्यांना आता फारसं दिसत नाही, म्हणून मग वास घेतला. आणि मग जेवायला लागले. ताईनं माझा हात इतका घट्ट धरला होता की तिची बांगडी मला रुतली.

परत निघताना अण्णा मला फाटकापर्यंत सोडायला आले. उसाच्या गाड्यांच्या रांगेकडं बघत म्हणाले, "त्या बाईच्या हाताला तुझ्या मायच्या हाताची चव हाय."

ताई येसर तुझ्याकडूनच शिकलीय. मी म्हटलं, "असेल."

"असंल," ते म्हणाले.

तेव्हापासून मला वाटतं, आजालाही माहीत असणार. तुलाही ते माहीत असणार की त्याला माहीत आहे. दाराआड तू हसत होतीस की रडत होतीस हे मी आता विचारणार नाही.

तेव्हापासून तक्त्यात ताईच्या पट्टीखाली काकूंची एक बारीक पट्टी आहे. भाऊ आणि धाकट्याला मी ती नीट समजावून सांगितली नाही. पण हे सगळं सुटलं असं नाही, माय. काकूंचे यजमान पुढच्या गळितानंतर निवृत्त होतील, क्वार्टर सोडतील, मग त्या जागी कोण येईल आणि ते तारेवरून पातेली घेतील का, कुणाला माहीत. धाकट्याच्या बायकोला दिवस गेलेत, त्या एका खोलीत पाळणा आला की अण्णांची खाट कुठं मावेल हे मी रोज मोजते. अण्णांना आता तक्त्यावरच्या पट्ट्या ओळखू येत नाहीत. भिंतीजवळ जाऊन बोटानं चाचपून विचारतात, "मी कुटं हाय आता?" आज एसटीत त्यांनी तेच विचारलं. खिडकीबाहेर शेतं मागं जात होती आणि ते माझ्या खांद्याशी तोंड आणून म्हणाले, "कोनाकडं चाललो आपन?" मी सांगितलं. "बराबर," म्हणाले, आणि पिशवी जवळ ओढली.

कंपनीतल्या तक्त्याच्या शेवटी एक चौकोन असतो. ट्रक निघाला की तो भरायचा आणि कागद उतरवायचा. अण्णांच्या तक्त्यावर मी तसा चौकोन काढलेला नाही. दर वर्षी नवा कागद आखते तेव्हा उजव्या कडेशी आल्यावर माझा हात थांबतो, आणि मी कड सोडून देते.

माझ्यासाठी परतूरकडचं एक स्थळ आलंय. मुलगा शिक्षक आहे, बरा वाटला. भाऊ म्हणतो, पुढच्या उन्हाळ्यात करून टाकू. मला कळतंय ते म्हणजे एवढंच, की मला घर मिळेल तेव्हा तेही लेकीचंच घर असेल, आणि त्या घरातलं पाणी अण्णा पिणार नाहीत. तिथं कुंपणापलीकडं कोण असेल तेही मला माहीत नाही.

हे पत्र मी वसतिगृहाच्या गच्चीवर बसून लिहितेय. ऊन उतरलंय, खालच्या मजल्यावरच्या मुली दोरीवरचे वाळलेले कपडे काढताहेत. रविवार असला की एकमेकींना विचारतात, घरी जाणार का? मीही जाते. सगळ्यांना सांगते की तक्ता तपासायला जाते, आणि भाऊ, ताई, धाकटा, तिघंही ते खरं मानतात. आज तेवढं तुला सांगते. तपासायचं असं फारसं काही नसतं. तू गेल्यापासून मलाही कुणाच्या दारात एकदम जाता येत नाही, 'आज कशी काय?' असं विचारतील याची भीती वाटते. म्हणून शनिवारी मी कागदावर बघते, अण्णांची पट्टी कुणाच्या घरावर आहे, आणि त्या घरी जाते.